शहरांनी स्वतःच्या वतीने बोलावे



अध्यक्षाने भाषेविषयी बोलावे, ग्रंथालयांची दुरवस्था मांडावी, नव्या लेखकांना चार शब्द सांगावेत, अशी आपल्या संमेलनांची रीत आहे. आज मी ती बाजूला ठेवणार आहे. शहरांविषयी बोलणार आहे, आणि शहरे नष्ट करण्याच्या शस्त्रांविषयी. हा विषय मला या घाटानेच सुचवला.

काशीतल्या नारद घाटाच्या शेजारचा हा राजा घाट अमृतराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधून काढला. पूर्वी त्याला अमृतराव घाटच म्हणत. इथे त्यांचे अन्नछत्र होते. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. बाजीराव पळाला, वसईला जाऊन त्याने इंग्रजांशी तह केला, आणि पुण्याची सूत्रे अमृतरावांकडे आली. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली फौज घेऊन पुण्याच्या रोखाने निघाला. वाटेत त्याला खबर लागली की, इंग्रज जवळ आले की अमृतराव पुणे जाळून टाकणार आहेत. घोडदळ घेऊन तो रात्रीतून दौडत निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात शिरला. अमृतराव निघून गेले होते. पुणे जागेवर होते.

अमृतरावांच्या मनात काय होते, याचा निवाडा मी करत नाही. मला दिसतात ती त्या रात्री कसब्यात, बुधवारात, शनिवारात झोपलेली माणसे. त्यांच्या घरांना आग लावायची की नाही, हे दोन-तीन माणसांच्या मर्जीवर होते. त्या घरांतल्या कोणालाही त्यात शब्द नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी, १७६३ साली, निजाम अलीच्या फौजेने हेच पुणे जाळले होते, तेव्हाही नव्हता. धनी एकीकडे लढत होते आणि शिक्षा शहराला होत होती.

आपण मराठी माणसे इथे केवळ सोसणाऱ्यांच्या बाजूला उभी नाही. नागपूरकर भोसल्यांचा देखणा घाट मणिकर्णिकेच्या पलीकडे आहे. याच भोसल्यांच्या फौजा १७४२ साली बंगालात उतरल्या, मुर्शिदाबाद लुटले गेले आणि घाबरलेल्या कलकत्त्याने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा खंदक’ या नावानेच ओळखला गेला. याच गंगेच्या खालच्या अंगाला आपले नाव एका शहराच्या भीतीला चिकटलेले आहे. शांततेविषयी मराठीत बोलताना हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

खंदक खणून शहर वाचेल, असे वाटण्याचा काळ ६ ऑगस्ट १९४५ रोजी संपला.

त्याआधीच्या तीन महिन्यांकडे मी तुम्हाला घेऊन जातो. १९४५ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेला, अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथे एक समिती बसली. बाँब कुठे टाकायचा, हे तिला ठरवायचे होते. तिच्या शिफारशीत क्योतो आणि हिरोशिमा वरच्या श्रेणीत होते, त्यांच्या खाली योकोहामा आणि कोकुरा. क्योतोबद्दलचे समितीचे टिपण मी वाचले तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना. क्योतो हे विद्येचे केंद्र आहे, तिथल्या लोकांना या शस्त्राचा अर्थ अधिक चांगला समजेल, असे त्यात म्हटले आहे. मंदिरांचे, विद्यापीठाचे, रेशीम विणणाऱ्यांचे शहर. ते शहाणे आहे, म्हणून ते निवडायचे! मित्रांनो, हे वर्णन काशीला शब्दशः लागू पडते. २०१४ च्या ३० ऑगस्टला याच काशीने त्याच क्योतोशी सहकारी शहराचा करार केला. शहरात जपानच्या मदतीने उभे राहिलेले रुद्राक्ष सभागृह त्या स्नेहाची खूण आहे.

क्योतो वाचले, कारण अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते यादीतून काढायला लावले. ते पूर्वी क्योतोला जाऊन आले होते. लष्करी अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा आग्रह धरला तरी ते बधले नाहीत, आणि अखेर त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडून होकार मिळवला. २५ जुलैच्या आदेशात क्योतो नव्हते, नागासाकी होते. एका माणसाने पाहिलेले शहर वाचले, न पाहिलेले त्याच्या जागी आले. ९ ऑगस्टला विमान आधी कोकुरावर गेले होते. खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. ज्या जगात ढगांवर शहराचे जगणे-मरणे ठरते, त्या जगाला मी सुरक्षित म्हणू शकत नाही.

योकोहामा २९ मेच्या साध्या बाँबवर्षावात इतके जळाले की अणुबाँबसाठी त्याचा विचार मागे पडला. हे योकोहामा १९६५ पासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे. आणि पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान माहीत आहे. ओकायामाच्या जुन्या बागेच्या धर्तीवर ते उभे राहिले, कारण ओकायामा पुण्याचे मित्रशहर आहे. तेही २९ जून १९४५ च्या पहाटे आगीत सापडले आणि त्याचा जुना किल्ला जळून गेला. तळ्यातले मासे बघायला आपण मुलांना त्या उद्यानात घेऊन जातो. हेही त्यांना सांगायला हवे.

आता हिरोशिमा. आकडे आपण ऐकलेले आहेत: १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, नागासाकीत सुमारे ७४ हजार मृत्यू. मी नगरपालिकेकडे बघतो. महापौर सेनकिची आवाया त्या सकाळी घरीच मारले गेले. शहरातल्या डॉक्टर-परिचारिकांपैकी बहुतेक मेले किंवा जखमी झाले. ज्यांनी मदतीला धावायचे तेच ढिगाऱ्याखाली होते. अणुयुद्धात आपत्ती व्यवस्थापन नावाची गोष्ट उरत नाही, ती याचमुळे. तरीही तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामचा एक टप्पा चालू झाला. पालिकेच्या शिधावाटप विभागाचे प्रमुख शिन्झो हामाई वाचले होते. उरलेल्यांना अन्न मिळवून देण्यामागे ते लागले. १९४७ मध्ये हेच हामाई महापौर झाले आणि त्या वर्षीच्या ६ ऑगस्टला त्यांनी पहिली शांतता घोषणा वाचली. जगाला आवाहन करणारा हा माणूस सेनापती किंवा तत्त्वज्ञ नव्हता. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मूठभर भात मिळाला का, हे बघणारा पालिकेचा अधिकारी होता. त्या घोषणेचे वजन मला तिथे जाणवते.

पुढे हिरोशिमाच्या महापौरांनी एक काम नेमाने चालवले. १९६८ पासून जगात कुठेही अणुचाचणी झाली की ते त्या देशाच्या प्रमुखाला निषेधाचे पत्र पाठवतात. १९७४ आणि १९९८ मध्ये असा निषेध आपल्या देशाकडेही आला. १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांची सुरुवात बुद्धपौर्णिमेला झाली. सारनाथ इथून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या मूलगंध कुटी विहाराच्या भिंतींवर बुद्धचरित्र रंगवणारे चित्रकार कोसेत्सू नोसू जपानी होते. या भूमीवर उभा राहून मी एवढेच म्हणतो की त्या दिवसाची निवड मला तेव्हाही दुखली होती आणि आजही दुखते.

१९८२ साली हिरोशिमाचे महापौर ताकेशी अराकी संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात उभे राहिले आणि म्हणाले, सीमा ओलांडून शहरांनी एकत्र यावे. त्यातून उभी राहिलेली संघटना आज ‘मेयर्स फॉर पीस’ नावाने ओळखली जाते. आठ हजारांहून अधिक शहरे तिच्यात आहेत, अण्वस्त्रधारी देशांतलीही. महापौराने एका अर्जावर सही करायची, वर्गणी नाममात्र. हिरोशिमात स्फोटानंतरही तगलेल्या झाडांचे बी आणि रोपे सभासद शहरांना लावायला मिळतात. २००६ साली या संघटनेने ‘शहरे लक्ष्य नाहीत’ ही मोहीम काढली. माझ्या मते तिच्या कामाचा गाभा हाच आहे. अण्वस्त्रधारी राष्ट्राला सरळ विचारायचे: तुमचे क्षेपणास्त्र आमच्या शहरावर रोखलेले आहे का? नसेल तर तसे लिहून द्या.

पालिकांच्या शब्दाला काय किंमत, असे कोणी म्हणेल. १९९५ च्या नोव्हेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अण्वस्त्रांच्या कायदेशीरपणावर सुनावणी चालू होती. अमेरिकेच्या छत्राखालचे जपान सरकार ही शस्त्रे बेकायदा आहेत असे म्हणायला तयार नव्हते. ते हिरोशिमाचे महापौर ताकाशी हिराओका आणि नागासाकीचे महापौर इच्चो इतो यांनी त्याच न्यायालयात स्पष्ट म्हटले. इतो यांनी होरपळलेल्या मुलाचे छायाचित्र न्यायाधीशांपुढे धरले. पुढच्या वर्षी, ८ जुलै १९९६ रोजी, न्यायालयाने मत दिले की अण्वस्त्रांचा वापर आणि धमकी सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे. राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतले तर काय, हा प्रश्न मात्र त्याने अनिर्णित ठेवला. तरीही जे सरकारला म्हणवले नाही ते शहर म्हणाले. आपल्याकडे महापौराच्या हाती अधिकार थोडे. कारभार आयुक्त पाहतात. पण शहराच्या वतीने बोलायला अधिकारांची गरज नाही. निवडून आलेला आवाज पुरतो.

आक्षेप मला ठाऊक आहे. चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना भारताने शस्त्र खाली कसे ठेवायचे? हा प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणारा युद्धखोर नाही. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात मराठी माणसांनी आयुष्ये घालवली आहेत, त्यांच्या निष्ठेवर मी बोट ठेवत नाही. भारताने एकट्याने आज रात्री शस्त्र टाकावे असे मी म्हणतही नाही. प्रथम वापर न करण्याचे धोरण आपल्या देशाने स्वीकारले आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रे संपवण्याची योजना मांडली होती. दरवर्षी ६ ऑगस्टला, अधिवेशन चालू असेल तर, आपली संसद हिरोशिमाच्या मृतांना श्रद्धांजली वाहते. म्हणजे शहरांनी जे म्हणावे असे मी सांगतो आहे, ते देशाच्या घोषित भूमिकेच्या विरुद्ध जात नाही. ते देशाला आपल्याच शब्दाची आठवण देते.

आणि आणखी एक. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एक करार केला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिल्या, २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतरही दिल्या. इतक्या वैरात एवढा शब्द पाळता येतो! मग अणुभट्ट्यांना जे अभय मिळाले ते मुंबईला आणि कराचीला का नाही? दोन्ही देशांनी शहरांची नावे लिहून एकमेकांना द्यावीत, यांवर अण्वस्त्र टाकणार नाही असे सांगावे. ही मागणी भाबडी वाटेल, पण तिचा नमुना गेली तीन दशके दर नववर्षदिनी आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे.

मुंबईकराला कराचीचे नाव घेताना काय वाटते, हे मी जाणतो. २००८ चे मारेकरी तिथूनच समुद्रमार्गे आले. ते विसरा असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण अणुबाँब मारेकऱ्याचे घर शोधत नाही. १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा त्या शहरात अजून उभी आहे आणि मुले तिच्यात शिकतात. कराचीत मराठी कुटुंबे आजही गणपती बसवतात. तो बाँब त्यांच्यावरही पडेल, आणि आपल्यावर पडणारा बाँब मुंबईतल्या सिंधी, मेमन, कोळी, कोकणी, सगळ्यांवर पडेल. १९९९ साली एम. व्ही. रमणा यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा एकच बाँब पडला तर काय होईल, याचा अभ्यास मांडला. त्यातला मृतांचा अंदाज काही लाखांपर्यंत जातो. आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’मध्ये आपल्याच वस्त्यांत चाचण्यांनंतर वाजलेले फटाके दिसतात. तो चित्रपट दाखवायला न्यायालयात जावे लागले.

१९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण विनोबांचा आशीर्वाद घेऊन दिल्लीहून पायी निघाले. खिशात पैसा ठेवायचा नाही, ही विनोबांची सूचना होती. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन, चारही अण्वस्त्रधारी राजधान्या त्यांनी गाठल्या. वाटेत त्यांना राजधान्यांनी जेवू घातले नाही. गावांनी आणि शहरांनी घातले. गागोद्यात जन्मलेल्या, याच काशीत तरुणपणी राहिलेल्या विनोबांनी ‘जय जगत्’ म्हटले, ते अशा माणसांच्या भरवशावर.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी आजच्या खुल्या सत्रासाठी एक ठराव मांडतो. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या शहराच्या महापौरांना आणि नगरसेवकांना मराठीत, हिंदीत, जी भाषा तिथे चालते तिच्यात लेखी विनंती करावी: शहर ‘मेयर्स फॉर पीस’चे सभासद नसेल तर त्याने अर्ज करावा, ६ ऑगस्टला पालिकेच्या शाळांत क्योतो, योकोहामा, ओकायामा आणि हिरोशिमाची हकीकत सांगितली जावी, आणि १ जानेवारीच्या यादीबरोबर शहरांची यादी देण्याची मागणी पालिकेच्या सभेत मंजूर करून केंद्र सरकारकडे पाठवावी. पत्राचा मसुदा तयार आहे, तो दुपारी वाटला जाईल. पुणे आणि मुंबईच्या प्रतिनिधींनी त्यावर पहिल्या सह्या कराव्यात, काशीकरांनी त्यांच्या शेजारी. ठरावाला अनुमोदन कोण देतो, त्यांनी उभे राहून नाव सांगावे.