धोंडू, स्तेन आणि साळू

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला रेल्वे स्टेशन आठवतं. मी त्या कर्जतचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, गोदड महाराजांचं आमचं कर्जत. शेजारी राशीनची देवी आणि रेहेकुरीच्या माळावरची काळविटं.

इथं स्वीडनला आल्यापासून तुमच्यातल्या तिघीचौघींनी मला बाळासाठी नाव विचारलं. स्वीडिश जिभेला जमेल आणि अर्थ चांगला असेल, असं. म्हणून आज नावांवरच बोलतो.

इथलं एक जुनं, भारदस्त नाव म्हणजे स्तेन. अर्थ, दगड. स्तेन स्तूरे या कारभाऱ्यानं १४७१ मध्ये इथंच, ब्रुंकेबेर्गच्या लढाईत, डेन्मार्कच्या राजाला हरवलं. माझ्या चुलत आजोबांचं नाव धोंडू. अर्थ तोच. पण त्यांच्याआधीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्याला गोंडस नाव ठेवलं तर पुन्हा दृष्ट लागेल, म्हणून धोंडा. दगडू, केरबा, भिकू ही नावंही अशाच भीतीतून आली. हल्ली ती ऐकून पोरं हसतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मूल जगावं म्हणून त्या आईनं त्याचं कौतुकसुद्धा लपवून ठेवलं होतं.

जुनं म्हणून सगळंच जपावं असं मात्र नाही. मुलगी नको म्हणून ‘नकुसा’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींना २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नवी नावं दिली गेली. ते फार चांगलं झालं.

तुमच्या मुलींच्या वर्गात एखादी लिनेया असेलच. नील्स इंगेमार्सन, म्हणजे इंगेमारचा मुलगा, विद्यापीठात गेला तेव्हा त्याला आडनाव नव्हतं. घरच्या शेतावर एक जुनं लिंडाचं झाड होतं; त्यावरून त्यानं लिनेयस आडनाव घेतलं. त्याचा मुलगा कार्ल थोर वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, त्याच्यावरून एका नाजूक, जोडघंटेसारख्या गुलाबी रानफुलाचं नाव पडलं, आणि फुलावरून मुलींचं. शेताच्या बांधावरचं झाड असं पाळण्यापर्यंत आलं.

आमच्याकडे उलट झालं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचे आणि माहेरचं नाव तिथंच संपायचं. माझी आजी आम्हाला लक्ष्मी म्हणूनच माहीत. ती गेल्यावर दहाव्याला तिचा धाकटा भाऊ रडताना म्हणाला, “माझी साळू गेली.” साळू कोण, हे आम्हा नातवंडांना कळेना. साळू, साळुंकीवरून. साठ वर्षं त्या घरात तिला या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

इथं बाळाचं नाव तीन महिन्यांत करखात्याला कळवावं लागतं, हे तुम्ही जाणताच. त्या अर्जात एकाहून जास्त नावं देता येतात. स्वीडिश घरांत दुसरं-तिसरं नाव पुष्कळदा आजीआजोबांचं असतं. ती जागा आपणही वापरावी. पहिलं नाव हवं तेवढं सोपं ठेवा, पण अर्ज भरण्याआधी गावाकडे फोन करून आजीचं माहेरचं नाव विचारा.

माझ्या भाचीनं तसं केलं. तिच्या मुलीचं पहिलं नाव मीरा, दुसरं साळू. आजीच्या भावाला मी फोनवर सांगितलं. त्यांना आता ऐकू कमी येतं. त्यांनी तीनदा विचारलं, “काय नाव ठिवलं म्हनलास?”