नवा न्याहाळक



आपल्या वसंत व्याख्यानमालेत संत, साहित्य आणि समाज यांवर ऐकण्याची आपणांस सवय. अशा व्यासपीठावर मोबाइलमधील ब्राउझर हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असा शब्द योजलेला आहे. शब्द गोड खरा. पण बजाजनगरच्या नाक्यावर तो उच्चारला की समोरचा माणूस आम्हांलाच न्याहाळू लागतो! तेव्हा आज ब्राउझरच म्हणू.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली पहिला ब्राउझर रचला. त्या इतिहासात आज शिरत नाही. आमची हकीकत आमच्याच गल्लीतील आहे.

2024 चा ऑक्टोबर महिना. दसरा होऊन गेला होता. शेजारची मुलगी, नुकतीच आयटीआय झालेली, एका ठिकाणी शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरत होती. मुदत त्याच रात्री बारापर्यंत. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले, आणि घरातला बरा फोन त्यांच्या खिशात. तिच्या हाती राहिला तो अँड्रॉइड 6 चा जुना फोन. पत्ता लिहिला की पान उघडावे, तर तांबडी खूण आणि खाली इशारा : हे कनेक्शन सुरक्षित नाही.

“काका, पुढं जाऊ का?” तिने विचारले.

आम्ही तीस वर्षे कारखान्यात घालवलेले. इशाऱ्यांच्या पाट्या आम्ही पुष्कळ पाहिल्या, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डोळ्यांआडही केल्या. म्हटले, “जा की. फॉर्म आपलाच आहे.”

“आधारचा नंबर टाकायचाय, काका.” ती म्हणाली, आणि तिने फोन खाली ठेवला.

श्रोतेहो, आम्ही ओशाळलो. वयाने वडील म्हणून आम्ही सल्ला दिला, आणि शहाणपण निघाले ते तिच्यापाशी.

आता हा इशारा येतो कशाने? वाळूजच्या कुठल्याही कारखान्याचे गेट डोळ्यांपुढे आणा. बाहेरचा माणूस गेटपास दाखवतो. रखवालदार त्यावरची सही आपल्या वहीतल्या नमुन्याशी ताडून पाहतो. सही वहीत असेल तर आत, नसेल तर बाहेर. ब्राउझरचे काम असेच चालते. प्रत्येक संकेतस्थळ एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कुणा मान्य संस्थेची सही असते, आणि मान्य कोण याची वही फोनात आधीच भरलेली असते. ही वही आपण कधी पाहिलेली नसते. ती कुणी भरली हेही आपण विचारलेले नसते.

लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रे फुकट देते. 2015 च्या अखेरीस ती सर्वांसाठी खुली झाली, आणि पैसा नसलेल्या असंख्य लहान संकेतस्थळांना तिचा आधार झाला. पण अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनांच्या वहीत तिची स्वतःची सहीच नव्हती. तोवर एका जुन्या, ओळखीच्या सहीच्या जोडीने काम निभत होते. त्या जोडसहीची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. आमच्या शेजारच्या मुलीचा अर्ज त्यानंतर पंधरवड्याने आला! संकेतस्थळ प्रामाणिक होते, फोनही बिघडलेला नव्हता. रखवालदाराची वही तेवढी जुनी झाली होती.

हे सारे आम्हांला त्या रात्री ठाऊक होते असे समजू नका. एका भाच्याने फोनवर सांगितले, “मामा, फायरफॉक्स टाकून पाहा. तो स्वतःची वही घेऊन येतो.” गोष्ट खरी होती. त्या फोनातला आधीचा ब्राउझर फोनच्या वहीवर विसंबून होता; फायरफॉक्स आपली यादी स्वतः बाळगतो. पण तो उतरवायला फोनात जागा कुठे? शेवटी सुप्रभाताची दोन-अडीचशे चित्रे पुसली. कुणाला वाईट वाटले असेल असे वाटत नाही. साडेदहाला पान उघडले. पत्ता तिने अक्षर न् अक्षर दोनदा वाचला, आणि मगच आधार क्रमांक टाकला.

आमच्यासारख्या जुन्यांना असा प्रसंग नवा नाही. 2010 च्या सुमारास बटणांच्या फोनवर मराठी पान म्हणजे चौकोनांची रांगोळी असे. ऑपेरा मिनी या ब्राउझरात एक आडवळणाची सोय होती : ती चालू केली की देवनागरी अक्षरे चित्रे बनून येत. दोन पाळ्यांच्या मधल्या चहाच्या वेळेत आम्ही ती कितीकांना लावून दिली! मात्र नवे ते सारेच भरवशाचे असेही नव्हे. यूसी ब्राउझर एके काळी खिशाखिशात होता. 29 जून 2020 ला सरकारने बंदी घातलेल्या 59 अ‍ॅपांत त्याचेही नाव निघाले. तोवर आपण काय पाहतो, काय शोधतो, हे सारे त्याच्या हातून जात होते, आणि आम्ही कधी मागे वळून पाहिले नव्हते.

तेव्हापासून नवा ब्राउझर दिसला की आम्ही त्याला थोडी उलटतपासणी करतो. चेन्नईच्या झोहो कंपनीचा उला 2023 साली आला. केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत 2025 साली त्याला पहिले पारितोषिक मिळाले. आम्ही तो वापरून पाहिला; जाहिरातींचा त्रास कमी वाटला. पण त्याच्या पोटातले यंत्र गूगलच्या पुढाकाराने वाढलेले क्रोमियमच आहे, आणि एज, ब्रेव्ह यांचेही तेच. पाट्या निराळ्या, भट्टी एक. फायरफॉक्सची भट्टी निराळी, म्हणून त्याला आमच्या फोनात एक कोपरा राखून ठेवला आहे. ही आमची आवड झाली; आपली निराळी असू शकेल.

त्या मुलीला शिकाऊ जागा मिळाली. सकाळी सातच्या पाळीला ती आमच्या दारावरून जाते. जुना फोन अजून त्यांच्या घरी आहे; पण 2025 च्या ऑक्टोबरात फायरफॉक्सनेही अँड्रॉइड 8 च्या खालच्या फोनांना नव्या आवृत्त्या देणे थांबवले. आता तिची आई त्यावर पहाटेचा गजर लावते.