कोबे शहरातलं एक वर्ष
(शहापूर इथे बारावी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानवर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी विचारलं, बुलेट ट्रेनबद्दल बोलू का? आयोजक म्हणाले, ते सगळं यूट्यूबवर आहे. तुम्ही तिथे काय खाल्लं, कुठे राहिलात, नमाज कुठे पढलात, पैसे कसे पुरवले, ते सांगा. मलाही तेच सांगायला आवडेल.

मी मुरबाड तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची. आपल्या मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कॉलेजसाठी रोज एसटीने कल्याण. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी देवाणघेवाण योजनेतून एक वर्ष जपानच्या कोबे शहरात शिकायला गेले. आज सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या वेळी घरात पहिला प्रश्न फीचा नव्हता. दादीचा प्रश्न होता, 'तिथे आपलं कोण आहे?' आज मी जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाबद्दलच आहे.

आधी एक्स्चेंज म्हणजे काय ते समजून घ्या. दोन विद्यापीठांचा करार असतो. तुम्ही फी तुमच्याच कॉलेजला भरता, तिथे वेगळी फी लागत नाही. सहा महिने किंवा एक वर्ष शिकून परत यायचं. मला दरमहा ८० हजार येन शिष्यवृत्ती होती. वसतिगृहाचं भाडं वीस हजारांच्या आत, जेवण पंचवीस-तीस हजार, उरलेल्यात पास, फोन, पुस्तकं. चैन नव्हती, पण घरून पैसे मागवावे लागले नाहीत.

आता भाषा. सगळे घाबरतात ती इथेच. पण मराठीवाल्यांनी जरा कमी घाबरावं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. 'ला', 'चा', 'पण' हे जसे शब्दाच्या मागे लागतात, तसे तिथे 'नि', 'नो', 'मो' लागतात. 'वाताशी मो' म्हणजे 'मी पण'. 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'मिरु' म्हणजे बघणे, आणि 'ताबेते मिरु' म्हणजे अगदी आपलं 'खाऊन बघणे'. 'ओकु' म्हणजे ठेवणे, आणि 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे. इंग्रजीतून जपानी शिकणारा इथे अडखळतो, आपण हसतो. त्यांची वर्णमाला आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना अशी चालते. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. कठीण आहे ती चित्रलिपी, कांजी. रोजच्या वापराची २,१३६ चिन्हं सरकारी यादीत आहेत. ती एका वर्षात येत नाहीत. पण बोलणं येतं, आणि मराठी माध्यमाचा तोटा होतो हे मनातून काढून टाका.

पहिल्या दोन आठवड्यांत कागदांचं काम असतं. विमानतळावरच रहिवासी कार्ड मिळतं. पत्ता ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करायची. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा. मी विद्यार्थिनी, उत्पन्न नाही, म्हणून मला महिन्याला साधारण दोन हजार येन हप्ता पडायचा. मग डॉक्टरकडे गेलं की बिलाचे ३० टक्केच आपण द्यायचे. दाढ दुखली तेव्हा त्याची किंमत कळली. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शन योजनेतही नाव लागतं, पण विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्यासाठी अर्ज करता येतो. हा अर्ज कुणी घरी आणून देत नाही, खिडकीवर विचारावं लागतं.

आणि कचरा! जपानमध्ये शेजाऱ्यांशी संबंध बिघडायचा असेल तर तो धर्मावरून नाही, कचऱ्यावरून बिघडतो. कोबेत जळणारा, न जळणारा, डबे-बाटल्या, प्लास्टिकचे वेष्टन असे वेगळे प्रकार, महापालिकेने ठरवून दिलेल्या वेगळ्या पिशव्या, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि सकाळी आठच्या आत ठेवायचा. चुकीची पिशवी असेल तर ती उचलत नाहीत, वर चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवतात. सगळ्यांना दिसते. आमच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंना आम्ही 'कान्रिनिन-सान' म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला बसवून चित्रं काढून हे समजावलं. त्यानंतर गल्लीतल्या आज्या मला नाव घेऊन हाक मारायला लागल्या. परक्या जागी माणूस आपला व्हायला मोठं काही लागत नाही.

जेवणाचं सांगते. मी शिकलेली पहिली कांजी 'बुता', म्हणजे डुक्कर. दुकानात पाकीट उलटं करून ती शोधायची. रामेनचं सूप बहुतेक वेळा डुकराच्या हाडांचं, पावात चरबी असू शकते, भाजीच्या रश्शात 'मिरिन' नावाची गोडसर दारू. पण एक सोय आहे. तिथे पाकिटावर ॲलर्जीची यादी छापतात. काही पदार्थ छापणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि ज्यांची शिफारस आहे त्यात डुकराचं मांस आणि जिलेटिनही येतं. हा नियम मुसलमानांसाठी केलेला नाही, ॲलर्जी असलेल्यांसाठी केला आहे, पण उपयोग आपल्यालाही होतो. चांगल्या नियमाचं असंच असतं. बाकी आपण भात-मासळी खाणारी माणसं, तिथेही भात आणि मासळीच. सुकट आठवली की वाळवलेली बारीक मासळी मिळायची. मशिदीजवळच्या दुकानात हलाल कोंबडी, डाळ, मसाले मिळायचे. महिन्यातून दोनदा पिशवी भरून आणायची.

ही मशीद म्हणजे कोबे मशीद, जपानमधली पहिली. १९३५ मध्ये सुरू झाली. वर्गणी देणाऱ्यांत कोबे बंदरात व्यापार करणारे हिंदुस्तानी मुसलमान होते, रशियातून आलेले तातार होते. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात शहर जळलं, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली, तेव्हाही ती उभी राहिली. दादीला मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे आपलं कुणीतरी आधी जाऊन आलंय.' तिचं समाधान झालं.

पण रोज मशिदीत जाता येत नाही. हिवाळ्यात कोबेत पाचच्या आतच सूर्य मावळतो. असर आणि मगरिब दोन्ही प्रयोगशाळेच्या वेळात येतात. जूनमध्ये उलट, फजर पहाटे तीनच्या सुमारास. मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात गेले आणि सरळ सांगितलं: मला दिवसातून दोनदा दहा मिनिटं स्वच्छ, शांत जागा हवी. त्यांनी विचारलं, कोणत्या दिशेला तोंड करायचं असतं, पाय धुवायला पाणी लागेल का, आणि दोन दिवसांनी सामानाच्या एका खोलीची किल्ली दिली. प्रयोगशाळेतल्या मुलांना माझ्या ओढणीबद्दल, नमाजबद्दल काहीच माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणून आकसही नव्हता. ते विचारायचे, मी सांगायचे. रमजानमध्ये 'पाणीसुद्धा नाही?' हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकला असेल. एका मुलाने माझ्यासोबत एक रोजा ठेवून बघितला. इफ्तारला तो माझ्याआधी घड्याळ बघत होता.

इथून एक शिकले. आपण कमी संख्येने असतो तिथे दोन सवयी लागतात: गप्प बसून सगळं सोसायचं, किंवा आधीच चिडून बोलायचं. मधली वाट म्हणजे गरज नेमक्या शब्दांत सांगणं. किती वेळ, कुठे, काय लागेल. नेमकं मागितलं की समोरच्याला 'हो' म्हणणं सोपं जातं.

पण जपान म्हणजे जन्नत नाही. वसतिगृहाबाहेर खोली शोधणाऱ्या माझ्या मलेशियन मैत्रिणीला एजंटने तोंडावर सांगितलं, मालकाला परदेशी नको आहेत. हे एकटीचं नाही. २०१७ मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाची पाहणी प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्क्यांना, परदेशी आहात म्हणून नकार मिळाला होता. मला ते ऐकून कल्याण-ठाणे आठवलं. नाव ऐकलं की 'फ्लॅट कालच गेला' म्हणणारे फोन आपल्यापैकी किती जणांच्या घरी आलेत, हात वर करायला सांगत नाही. तिथे पासपोर्ट आडवा येतो, इथे नाव. फरक एवढाच की तिथल्या सरकारने हा नकार मोजला आणि आकडा छापला. आजार मोजला तर औषधाची गोष्ट सुरू होते.

आता उलटा प्रश्न. आपण नेहमीच कमी संख्येने असतो का? आपल्या मोहल्ल्यात, आपल्या आळीत आपण घरमालक आहोत. वीटभट्टीचा हंगाम संपल्यावर एखादं कातकरी कुटुंब खोली मागायला आलं तर? मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आलेला बिहारचा किंवा ओडिशाचा मुलगा आला तर? आसनगावला नोकरी करणारी एकटी मुलगी आली तर? आपण काय सांगतो? 'खोली कालच गेली', हेच ना? कान्रिनिन-सानने मला जसं बाजूला बसवून समजावलं, तसं आपण कुणाला समजावतो का, की पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, रेशनची नोंद कुठे होते? माझ्या मते जपानहून आणण्यासारखी वस्तू हीच आहे. चॉकलेटं तर ऑनलाइन मिळतात.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण यात मुलं फसतात. 'जपानला पाठवतो, तिथे काम करून फी सुटते' असं सांगणारे एजंट आता गावापर्यंत येतात. हिशेब तुम्हीच करा. भाषाशाळेची फी वर्षाला साधारण सात-आठ लाख येन. विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. ताशी हजार-अकराशे येन धरले तर महिन्याला एक लाख दहा-वीस हजार येन. त्यातून फीचे महिन्याला साठ-पासष्ट हजार गेले. उरलेल्या पन्नास हजारांत भाडं, जेवण, विमा. मग एजंटसाठी काढलेलं कर्ज फेडायचं कशातून? म्हणून मुलं २८ तासांपेक्षा जास्त काम करतात, पकडली गेली की व्हिसा जातो, आणि कर्ज मात्र मुरबाडच्या घरावर राहतं. जमीन गहाण ठेवून कुणी जाऊ नका.

सरळ रस्ते आहेत. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. पदवीसाठी निवड झाली तर फी माफ, विमानाचं तिकीट, आणि महिन्याला सुमारे १ लाख १७ हजार येन. माहिती जपानच्या दूतावासाच्या वेबसाइटवर असते आणि मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावासही आहे. अर्ज आपण स्वतः करायचा, एजंट लागत नाही. स्पर्धा कठीण आहे, हेही खरं. कॉलेजात असाल तर परदेशी विद्यापीठांशी कोणते करार आहेत ते विचारा. अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात, कारण कुणी विचारतच नाही. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, मुंबईत आणि पुण्यात केंद्र आहे. सगळ्यात सोपी पातळी एन-५. बारावीनंतरच्या सुट्टीत सुरुवात केली तर डिसेंबरला बसता येतं.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, पुढे तिथलेच नागरिक झाले, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाचे नगरसेवक म्हणून निवडून आले आणि नंतर इबाराकीतल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. सगळ्यांनी तिथे राहावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः परत आले. पण रस्ता इथूनच निघतो, एवढं लक्षात ठेवा.

इथे बसलेल्या पालकांना एक विनंती. मुलगी जाते म्हणाली तर आधी नाही म्हणू नका, आधी प्रश्न विचारा. कुठे राहणार, खर्च किती, कागद कोणते, काय खाणार. माझ्या अब्बांनी असे वीस प्रश्न एका वहीत लिहून दिले होते आणि म्हणाले होते, उत्तरं आण, मग बोलू. मला उत्तरं शोधायला तीन महिने लागले. तेवढ्यात माझी अर्धी तयारी झाली होती.

आता तुमचे प्रश्न घेते. मुलींनी आधी विचारा.