गर्भवतीचे रक्त आणि बाळाचे वजन



गर्भवतीच्या १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असणे म्हणजे रक्तक्षय. ७ ग्रॅमच्या खाली तो तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५०.४ टक्के होते. लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा. अर्धशतकानंतरही निम्म्या माता रक्तहीन असाव्यात, हे केवळ वैद्यकाचे अपयश नव्हे.

गर्भाला प्राणवायू व पोषण मातेच्या रक्तातून, वारेवाटे मिळते. ते रक्तच निकस असेल तर गर्भाची वाढ खुंटण्याचा आणि अकाली प्रसूतीचा संभव वाढतो. मूल अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते. अशा अर्भकाला जंतुसंसर्गाचे व मृत्यूचे भय अधिक. जगलेली मुलगी पुढे स्वतःच अशक्त माता होण्याची भीती असते. दारिद्र्याचा वारसा चालतो तो असा.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रीकडे पाहा. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. एक दिवस चुकला की खाडा. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, ती मात्र दूरच्या फडावर. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीला ‘विश्रांती घ्या, पालेभाज्या खा’ असे सांगणे ही थट्टाच होय.

गोळ्यांचेही तसेच. त्या १८० दिवस घ्यावयाच्या. त्याच सर्वेक्षणात तेवढे दिवस घेणाऱ्या माता केवळ २६ टक्के होत्या. गोळीने मळमळते, शौचास काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, जेवणासोबतचा चहा मात्र लोह शोषू देत नाही, एवढे तिला कोणी समजावत नाही. दोष मग तिच्या अज्ञानावर ढकलला जातो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीस किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो ५००० रुपयांवर आणि पहिल्या अपत्यापुरता आणला. त्याच वर्षी संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. फडावरची स्त्री रजेवाचूनच राहिली.

म्हणून गोळीबरोबर फडावरच रक्ततपासणी, रोजचे एक पूर्ण जेवण आणि मजुरी न बुडता विश्रांती, ही मागणी गावोगाव उभी राहिली पाहिजे. बाळाचे वजन जन्मल्यावर काट्यावर दिसते. ते ठरते मात्र त्याच्या आईच्या ताटात आणि तिच्या मजुरीत.