तुरुंगातून अपील

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण घरातल्या माणसाला शिक्षाच झाली आणि वकिलाला द्यायला पैसे उरले नाहीत, तर? गटाच्या बैठकीत आम्हाला हे विचारणाऱ्या बाया खूप. डोरलं गहाण टाकण्याआधी एवढं ऐका.

मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली तर सेशन्स कोर्टात अपील होतं, सेशन्सनं दिली तर हायकोर्टात. कैदेची शिक्षा झाली की निकालाची नक्कल लगेच आणि फुकट मिळते. ती मागून घ्या. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच सांगितलंय, की नक्कल वेळेत द्या आणि गरीब कैद्याला अपिलासाठी वकील द्या.

वकील मिळेपर्यंत थांबायलाही नको. कैदी अपिलाचा अर्ज तुरुंग अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. तो कोर्टाकडे पाठवणं हे त्या अधिकाऱ्याचं काम, उपकार नव्हे. अर्जात खटल्याचा नंबर, निकालाची तारीख, शिक्षा आणि निकालात काय चुकलं ते लिहायचं. 'दया करा' एवढ्यानं भागत नाही. कोणता साक्षीदार पोलिसांपुढं एक बोलला आणि कोर्टात दुसरंच, कोणता कागद पाहिलाच नाही, हे नेमकं सांगावं लागतं.

मुदत सांभाळा. सेशन्स कोर्टासाठी ३० दिवस, हायकोर्टासाठी ६०. फाशी असेल तर तिथंही ३०च. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस यात धरत नाहीत. उशीर झालाच तर कारण देऊन माफीचा अर्ज जोडायचा.

नुसत्या अपिलानं माणूस सुटत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन वेगळा मागावा लागतो. खटल्यात जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपील करेपर्यंतचा जामीन तेच कोर्ट देऊ शकतं. तो निकालाच्या दिवशीच मागा.

'अपील केलं तर शिक्षा वाढेल' ही भीती आम्ही फार ऐकतो. आपल्याच अपिलात ती वाढत नाही. सरकारनं वेगळं अपील केलं तर गोष्ट निराळी. मात्र गुन्हा कबूल केलेला असेल, तर बहुधा फक्त शिक्षेबद्दलच दाद मागता येते. 'कबूल हो, सुटशील' म्हणणाऱ्यापासून म्हणूनच सावध राहा.

बाई असो वा कैदेतला पुरुष, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.