मंडळात जे येत नाहीत, त्यांची गरज कोण मोजणार?



मी कोलकात्याहून बोलते आहे. आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: एखाद्या समाजाला नेमक्या कोणत्या सेवांची गरज आहे, हे कसं ओळखायचं? पण तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा बंगळुरूला असा. तुमच्या शहरात मराठी मंडळ असेल, तर हा प्रश्न तुमच्याही दारात उभा आहे.

कोलकात्यातली मराठी माणसं म्हटलं की हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास आठवतं. तिथला गणपती, तिथल्या गाठीभेटी. बँकेत, रेल्वेत, कंपन्यांमध्ये बदलीनं आलेली कुटुंबं तिथे भेटतात. पण या शहरात आणखी एक मराठी समाज आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातून आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातून आलेली गलाईची माणसं. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हा त्यांचा धंदा. दुष्काळी गावांतून निघालेली ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली, तशीच कोलकात्यातही आली. बडाबाजार, बहूबाजार इथल्या गल्ल्यांत, जिने चढून गेलात की एखाद्या छोट्या खोलीत भट्टी दिसते आणि कानावर माणदेशी मराठी पडते.

आता मंडळानं ठरवलं, की आपण आपल्या समाजाच्या गरजांची पाहणी करू. सगळ्यात सोपा मार्ग कोणता? सभासदांना फॉर्म पाठवायचा. उत्तरं येतात: मुलांसाठी मराठी वर्ग हवेत, ज्येष्ठांसाठी सहल हवी, वाचनालय हवं. या गरजा खऱ्याच आहेत. पण त्या फॉर्म मिळालेल्यांच्या आहेत. गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावर फॉर्म पोचलेलाच नसतो.

मग जनगणना बघावी? २०११ च्या जनगणनेत मातृभाषेची नोंद आहे, स्थलांतराचीही आहे. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. शिवाय जनगणना माणसं मोजते. आजारी पडल्यावर त्या माणसाजवळ कोण असतं, हे ती सांगत नाही.

इथे मला १९७२ साली जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकानं केलेली मांडणी उपयोगी वाटते. त्यानं गरजेचे चार प्रकार सांगितले. मी ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली, जाणकारांनी ठरवलेली गरज. सोन्यातली चांदी-तांबं वेगळं करायला नायट्रिक आम्ल वापरतात. त्यातून तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा त्रास कधी लगेच जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं. म्हणून अशा खोलीत धूर बाहेर ओढून नेणारी सोय हवी, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. तिथे काम करणारा माणूस मात्र ती गरज कधी बोलून दाखवणार नाही. त्याच्यासाठी धूर हा धंद्याचाच भाग आहे.

दुसरी, माणसाला स्वतःला वाटणारी गरज. तिसरी, त्यानं प्रत्यक्ष येऊन मागितलेली गरज. आपली बहुतेक मंडळं फक्त ही तिसरी गरज मोजतात, कारण तीच वहीत नोंदलेली असते.

आणि चौथी, तुलनेतून दिसणारी गरज. सारख्याच परिस्थितीतल्या एकाला जे मिळतं, ते दुसऱ्याला मिळत नाही. याचं उदाहरण बघा. महाराष्ट्रात २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. पश्चिम बंगालमध्ये २०२१ पासून लक्ष्मीर भांडार सुरू झालं. दोन्हींत पहिली अट त्या त्या राज्याच्या रहिवासाची. नवऱ्याबरोबर कोलकात्याला आलेली आटपाडीची वहिनी कागदावर नेमकी कुठली? गावातलं नाव कमी झालं आणि इथलं लागलं नाही, तर दोन सरकारांच्या मधल्या फटीत ती पडते. याउलट रेशनचं बघा. एक देश, एक रेशनकार्ड या सोयीमुळे गावाकडचं कार्ड इथेही चालतं. कुटुंबाच्या वाट्याचं काही धान्य गावात आणि काही इथे, असंही घेता येतं. म्हणजे एका बाबतीत सोयच नाही, आणि दुसऱ्या बाबतीत सोय आहे पण ती कुणी सांगितलेली नाही. या दोन वेगळ्या गरजा आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

मग विचारायचं कसं? आम्ही काही जणी अशा खोल्यांमध्ये जाऊन बसतो, त्यातला एक संवाद सांगते. एका तरुण कारागिराला विचारलं, ‘दादा, काही अडचण?’

‘नाही ताई, सगळं बरं आहे. मालक म्हणजे आमचे मामाच आहेत.’

मामा समोरच बसलेले. दुसरं काय उत्तर येणार? पुढच्या वेळी तो जिन्यात एकटा भेटला, तेव्हा प्रश्न बदलला. ‘गेल्या वेळी ताप आला, तेव्हा काय केलंत?’

‘दुकानातनं गोळी आणली. तीन दिवस अंगावर काढला.’

‘मेडिकल कॉलेज तर इथून चालत जाण्यासारखं आहे.’

‘तिथं जाऊन बोलायचं काय, ताई? चिठ्ठी कुठल्या खिडकीवर काढायची तेच कळत नाही. आणि सगळा दिवस मोडतो.’

बघा, शहरातलं १८३५ साली स्थापन झालेलं वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत. कमी आहे ती बांगला बोलू शकणाऱ्या एका सोबत्याची. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारून हे कधीच कळलं नसतं.

झालेली गोष्ट विचारायची, ही पद्धत या शहराला नवी नाही. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी इथे भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. १९४३ च्या दुष्काळानंतर या संस्थेनं बंगालच्या खेड्यांत नमुना पाहणी केली. कुटुंबानं जमीन विकली का, नांगराचे बैल गेले का, आधी काय काम होतं आणि आता काय आहे, अशी माहिती गोळा केली. काय विकावं लागलं, यावरून घर किती मोडलं ते कळतं. आपणही तेच विचारू शकतो: गेल्या दुखण्यात पैसे कुणाकडून आणले? काय गहाण ठेवलं?

महालनोबिसांची आणखी एक युक्ती घेण्यासारखी आहे. एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या गटांकडून तपासून घ्यायचे आणि उत्तरं ताडून बघायची. आपल्याकडे एका गटात गावकीतला माणूस ठेवा, दुसऱ्यात बाहेरची बाई. दोघांच्या वह्यांत फरक पडला, तर तो फरकच बोलका असतो. गावकीतल्या माणसाला मालकाबद्दल ऐकायला मिळत नाही आणि बाहेरच्या बाईला घरच्या कर्जाबद्दल.

ही पाहणी वेळेत का हवी, तेही सांगते. ३१ ऑगस्ट २०१९ ला बहूबाजारात मेट्रोचा बोगदा खोदताना पाणी फुटलं, दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरा पाडा लेनमधली घरं खचली आणि लोकांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावं लागलं. स्याकरा म्हणजे सोनार. नावातच धंदा आहे. अशा वेळी याद्या होतात त्या घरमालक आणि भाडेकरू यांच्या कागदांवरून. जो कारागीर भट्टीशेजारीच झोपतो, ज्याच्या नावावर ना पावती ना वीजबिल, त्याचं नाव कोण सांगणार? संकट आल्यावर यादी करायला बसलं, की तो सुटतोच.

शेवटी तीन पथ्यं सांगते. एक, जे काम करायची आपली तयारी नाही, त्याबद्दल विचारू नका. विचारल्यावर माणूस वाट बघत बसतो. दोन, बायकांशी आणि शिकाऊ पोरांशी वेगळं बोला, आणि भट्टी थंड झाल्यावर जा. तीन, नावं जपा. आपला समाज छोटा आहे. ‘अमुक गल्लीतली अमुक गावची विधवा’ एवढं लिहिलं, तरी सगळ्यांना कळतं कोण ते. म्हणून वहीत नावाऐवजी आकडा ठेवा, आणि ती वही सभेत फिरवू नका.

तुमच्या मंडळाची पुढची बैठक असेल, तेव्हा सभासदांच्या यादीशेजारी दुसरा एक कोरा कागद ठेवा. आपल्या शहरात मराठी बोलणारे, पण आपल्याकडे कधी न आलेले लोक कुठे राहतात, कुठे काम करतात, एवढंच त्यावर लिहा. गलाईची दुकानं असतील, बांधकामावरचे मजूर असतील, एकट्या राहणाऱ्या आजी असतील. त्यातलं एक ठिकाण निवडा आणि महिनाभरात तिथे जाऊन या. जाताना फॉर्म नेऊ नका. फक्त गेल्या आजारपणाची गोष्ट ऐकून या. पुढची पाहणी कशी करायची, ते त्या गोष्टीतून ठरेल.