नेगेवच्या वाळवंटातील प्राचीन शेते आणि टाकी

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानमालेत पुरातत्त्वावर बोलावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली. पुरातत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजवाडे, लेणी, नाणी आणि मूर्ती उभ्या राहतात. आज मी आपल्याला जेथे नेणार आहे, तेथे रूढ अर्थाने पाहण्यासारखे फारसे काही नाही. शेतांचे पडके बांध, डोंगरउतारांवर रांगेने रचलेले दगडांचे लहान ढीग, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी, एवढेच. हा प्रदेश म्हणजे आजच्या इस्रायलच्या दक्षिणेकडील नेगेव वाळवंटाचा उंच भाग. बडोद्यात बसून इतक्या दूरच्या माळरानाची चर्चा कशासाठी, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे उत्तर अखेरीस देण्याचा प्रयत्न करीन.

नेगेवच्या या भागात वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपण ज्या माणदेशाला दुष्काळी म्हणतो, तेथे याच्या चौपटीहून अधिक पडतो. नेगेवचा पाऊस हिवाळ्यातील काही मोजक्या सरींत संपतो, आणि उरलेले वर्ष संपूर्ण कोरडे जाते. अशा जागी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी अवदात, शिवता, हलुत्सा, मामशित, निस्साना आणि रुहैबा अशी गावे भरभराटीस आली होती. त्यांत चर्चच्या इमारती होत्या, दगडी घरे होती आणि द्राक्षे तुडवून रस काढण्याचे मोठे हौदही होते. यांपैकी हलुत्सा, मामशित, अवदात आणि शिवता यांचा २००५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. या गावांभोवतीच्या ओढ्यांमध्ये एकाखाली एक अशा दगडी ताली पायऱ्यांसारख्या मैलोन्‌मैल पसरलेल्या आहेत. हे लोक खात काय होते आणि पीत काय होते, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

तो प्रश्न पडलेल्या आधुनिक प्रवाशांत ई. एच. पामर हा इंग्रज विद्वान अग्रणी होय. १८६९-७० मध्ये तो या भागातून पायी फिरला. उतारांवरील ढिगांना तेथील बदाऊन लोक ‘तुलेलात अल-अनब’ म्हणजे द्राक्षांचे ढीग म्हणतात, अशी त्याने नोंद केली. १९१४ च्या आरंभी लेनर्ड वूली आणि टी. ई. लॉरेन्स यांनी येथील अवशेषांची पाहणी केली. ब्रिटिश लष्कराच्या नकाशे काढण्याच्या कामाला पुरातत्त्वाचे पांघरूण मिळावे, हाही त्या मोहिमेचा एक हेतू होता. पुढे १९५० च्या दशकात नेल्सन ग्लूक यांनी शेकडो स्थळे पायी हिंडून नोंदविली.

परंतु खरी उकल झाली ती वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाएल एव्हेनारी, जलशास्त्राचे अभियंते लेस्ली शानान आणि त्यांचे सहकारी नफ्ताली ताडमोर यांच्या कामातून. त्यांनी हवाई छायाचित्रे घेतली, जमिनीवर फिरून प्रत्येक भिंत मोजली, आणि एकच साधा प्रश्न विचारला: या शेतात येणारे पाणी नेमके कोणत्या उतारावरचे?

त्या प्रश्नाने सारे चित्र पालटले. नेगेवच्या उतारांवर वाऱ्याने वाहून आणलेली लोएस नावाची बारीक पिवळसर माती असते. पावसाचे पहिले थेंब पडले की तिच्या पृष्ठभागावर एक घट्ट पापुद्रा धरतो आणि पुढचे पाणी आत न मुरता वाहू लागते. सामान्य शेतकऱ्याला ही आपत्ती वाटावी. नेगेवच्या शेतकऱ्याने तिचेच भांडवल केले. उतारावर तिरके चर काढून त्याने वाहणारे पाणी थोडे थोडे करून खालच्या शेतांकडे वळविले. ओढ्यात ताली घालून ते अडविले. प्रत्येक तालीला सांडवा ठेवून जादा पाणी खालच्या वाफ्यात सोडले. एक हेक्टर शेतासाठी सामान्यतः वीस ते तीस हेक्टर उतार राखलेला आढळतो. आता साधा हिशेब करू. १०० मिलिमीटर पावसापैकी केवळ १५ मिलिमीटर उतारावरून वाहिले आणि उतार शेताच्या वीसपट असला, तर शेताला ३०० मिलिमीटर जादा पाणी मिळते. पाऊस वाढविता येत नव्हता. तो गोळा करण्याचे क्षेत्र मात्र वाढविता येत होते.

हा हिशेब कागदावरच राहू नये म्हणून या मंडळींनी १९५८ मध्ये शिवता येथे आणि १९५९ मध्ये अवदात येथे जुन्या शेतांचे बांध दुरुस्त करून प्रत्यक्ष शेती केली. बदाम, जर्दाळू, द्राक्षे, पिस्ते, गहू आणि सातू हे सारे उतारावरून येणाऱ्या पाण्यावर तेथे घेऊन दाखविले. एखाद्या प्राचीन ग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी तो प्रयोग करून पाहावा, तसेच हे झाले.

आता त्या ढिगांविषयी. त्यांवर द्राक्षाचे वेल लावीत असत, ही जुनी कल्पना टिकली नाही. दगडांच्या ढिगात वेल जगण्याइतकी माती आणि ओल राहणे कठीण. येहुदा केदार या भूगोलतज्ज्ञाने असे मांडले की, दगड वेचून उतार मोकळा केला म्हणजे माती सुटून खाली शेतात येते, आणि शेताचा थर वाढविणे हाच मूळ हेतू होता. एव्हेनारी व त्यांचे सहकारी म्हणाले, हेतू मातीचा नसून पाण्याचा. दगड वेचले की पापुद्रा सलग धरतो आणि पाणी अधिक वाहते. त्यांनी छोटे तुकडे आखून मोजमाप केले, तेव्हा वेचलेल्या उतारावरून अधिक पाणी आले. हा वाद नंतरही चालत राहिला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की, दोन्ही पक्षांनी ओसाड दिसणाऱ्या उताराला शेताचाच भाग मानले. त्या उतारावर वरच्या बाजूने कोणी एखादा चर काढला असता, तर खालचे शेत न खणता, न जाळता मेले असते.

शेताचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांच्या व्यवस्था मात्र वेगळ्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने नबाती लोकांच्या टाक्यांचे वर्णन केले आहे. तोंड अरुंद, आत उतरावे तसे टाके रुंद होत जाणारे. पावसाने भरले की तोंड बुजवून जमीन सारखी करायची, आणि खूण फक्त आपल्यालाच ठाऊक ठेवायची. शत्रूला तहानेने परतविणारे हे शस्त्रच होते. त्याच लेखकाने असेही लिहिले आहे की, पेरणी करणे, फळझाडे लावणे, मद्य पिणे आणि घर बांधणे या लोकांत निषिद्ध असून त्यास देहान्त शिक्षा होती. त्याच प्रदेशात काही शतकांनी घरे, बागा आणि मद्याचे हौद दिसावेत, हे पालटणाऱ्या काळाचे लक्षण होय. वाळवंटातील माणसाचा स्वभाव कायमचा ठरलेला असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिवता गावात गुप्त टाक्याची जागा उघड्या, सार्वजनिक टाक्यांनी घेतली. गावाच्या मध्यभागी दोन मोठी टाकी आहेत, आणि रस्त्यांवरचे पावसाचे पाणी त्यांत यावे अशी योजना होती. येथे खापरांच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेल्या काही पावत्या सापडल्या. अमक्याने टाक्याच्या कामाची आपली पाळी पूर्ण केली, अशा आशयाच्या त्या आहेत. माझ्या मते संपूर्ण नेगेवमधील सर्वांत मोलाचा अवशेष हाच. टाके खोदणे हे एकदाचे काम. गाळ काढणे हे कायमचे. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर कोरतात, गाळ काढणाऱ्याचे नाव खापरावर राहते. पण पाणी पुरवितो तो दुसराच.

निस्साना येथे १९३० च्या दशकातील उत्खननात पपायरसचे कागद मिळाले. सहाव्या-सातव्या शतकांतील या दप्तरात विवाह आणि काडीमोड, वाटण्या आणि करांच्या पावत्या आहेत. एका कागदावर पेरणीचे आणि मळणीचे आकडे आहेत. गव्हाचे उत्पन्न पेरलेल्या बियाण्याच्या सुमारे सातपट, सातूचे त्याहून थोडे अधिक. दप्तरातील काही कागद ग्रीक व अरबी अशा दोन्ही भाषांत असून ते अरब राजवट आल्यानंतरचे आहेत.

येथे आपण नाजूक प्रश्नाशी येतो. ही शेती संपली कशी? दीर्घकाळ असे लिहिले गेले की, सातव्या शतकातील अरब विजयाने ही बाग उजाड केली. काहींनी दोष अवर्षणाला दिला. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरविली आहेत. तालींमागच्या मातीतील वाळूच्या कणांवर सूर्यप्रकाश शेवटचा केव्हा पडला, हे आता मोजता येते. त्यावरून दिसते की, बहुतेक ताली नबाती राज्याच्या वैभवकाळातील नसून त्यानंतरच्या रोमन व बायझंटाईन काळातील आहेत, आणि काही ठिकाणची शेती इस्लामी राजवटीच्या आरंभीच्या शतकांतही चालू होती.

उलट हलुत्सा गावाबाहेरील उकिरड्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, गावाचा कचरा व्यवस्थितपणे बाहेर नेऊन टाकणे सहाव्या शतकाच्या मध्यासच थांबले होते. अरब सैन्य येण्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी. २०२० मध्ये उकिरड्यांतील द्राक्षांच्या बिया मोजल्या गेल्या. चौथ्या शतकापासून त्यांचे प्रमाण वाढत जाते आणि सहाव्या शतकाच्या मध्यानंतर घसरते. गाझा बंदरातून भूमध्य समुद्रापार जाणारे मद्य हे या भागाचे नगदी पीक होते. ५४१ मध्ये सुरू झालेली प्लेगची साथ, ५३६ नंतरचे थंडीचे वर्षे आणि बसलेली बाजारपेठ, अशी कारणे संशोधक मांडतात. ती अद्याप चर्चेत आहेत. पण एवढे निश्चित की, बांध पडण्याआधी माणसांची घडी विसकटली होती. एका संपूर्ण समाजावर दीर्घकाळ ठेवलेला आरोप उकिरड्यातील बियांनी सैल केला, ही पुरातत्त्वाची लहान सेवा नव्हे.

आता आरंभीच्या शंकेकडे वळतो. उमेदीच्या काळात कच्छमध्ये पाहणी करताना मी वहीत एका उताराची नोंद ‘निरुपयोगी माळ’ अशी केली होती. सोबतच्या वृद्ध मालधाऱ्याने ती वाचून दाखवावयास सांगितली आणि शांतपणे विचारले, मग खालच्या तलावात पाणी कोठून येते? ती ओळ मी खोडली. धोलावीराचे प्रचंड जलाशय पाहताना, जोर्वे काळातील इनामगावचा बांध पाहताना, किंवा अहमदाबाद-भरूचकडील जुन्या घरांच्या चौकाखालचे टांके पाहताना, मला तो प्रश्न आठवतो. आपण जलाशयाचे छायाचित्र घेतो. पाणलोटाकडे पाठ फिरवितो. शहरे वाढतात तेव्हा तळे कदाचित वाचते, पण त्याचा उतार भूखंड पाडून विकला जातो, आणि मग तळे आपोआप मरते.

ग्रंथालय हेही एक टाकेच आहे. महाराज सयाजीरावांनी या नगरीला आजव्याचे सरोवर दिले आणि संस्थानाला ग्रंथालयांची चळवळ दिली. दोन्हींमागे एकच दृष्टी होती. परंतु शंभर वर्षे ही संस्था जगली ती वर्गणी गोळा करणाऱ्या, कसर लागलेली पाने चिकटविणाऱ्या, सुटीच्या दिवशी कपाटे झटकणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्या पावत्या आणि हजेरीच्या वह्या माळ्यावर आहेत, असे ऐकतो. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. आणि जमल्यास प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील एका तळ्याची, एका वावेची वा टांक्याची नोंद, त्याच्या उतारासह, या ग्रंथालयात आणून द्यावी. शिवतेच्या खापरांनी दीड हजार वर्षांनंतर आपल्याला जे सांगितले, ते आपल्याविषयी सांगणारे काहीतरी मागे राहिले पाहिजे.